आईला अनुराधापूरचा बोधिवृक्ष पाहायचा आहे : वयस्कर माणसांना घेऊन श्रीलंका कशी करावी?

आर्णीकर (प्रश्न)

जय भीम, नमस्कार मंडळी.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातले. गावात माझं कृषी केंद्र आहे. कपाशी-तुरीची शेती अजून बाबाच पाहतात. घरात आई, बाबा, मी, बायको आणि दोन लेकरं. मोठा सातवीत, लहानी पहिलीत.

आमचं फिरणं आजवर एका दिवसाचं. पहाटे अंधारात गाडी काढायची, तिखट पुऱ्या आणि चिवड्याचा डबा सोबत, आणि कितीही रात्र झाली तरी घरी परत, कारण ढोरांचं पाहायला दुसरं कोणी नाही. असं करून सेवाग्राम, पवनार, टिपेश्वर पाहून झालं. दीक्षाभूमीला तर दरवर्षी जातो.

मागच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर एका भंतेजींनी आईला सांगितलं की इथला बोधिवृक्ष श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या झाडापासून वाढवलेला आहे. तेव्हापासून तिचं एकच चालू आहे, ते मूळ झाड एकदा डोळ्यांनी पाहायचं. माझ्या आईनं आजवर स्वतःसाठी लुगडंसुद्धा मागितलेलं नाही. म्हणून हे मला करायचंच आहे. बाबांना विचारलं तर त्यांनी उलट एकच प्रश्न केला, "तिथं वावरात काय पेरतात?"

आईचं वय ६९, गुडघे दुखतात, साखर आहे. बाबा ७४ चे, काटक आहेत, पण शेत सोडून दोन रात्रींच्या वर कुठं राहिलेले नाहीत. एका टूर कंपनीचा कागद आणला. सहा दिवसांत कोलंबो, अनुराधापूर, सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा. त्यात अनुराधापूरला दोन तास. ते वाचून मन खट्टू झालं.

तर विचारायचं हे : टूरसोबत जावं की आपलं आपण? जायच्या आधी सराव म्हणून एका दिवसाच्या कोणत्या सहली कराव्यात? आई तिसरीपर्यंत शिकलेली, जन्माची नोंद नाही, तिचा पासपोर्ट निघेल का? आणि कोणत्या महिन्यात जावं? ज्यांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांना नेलंय त्यांनी जरूर लिहा.

मेहकरचा_पाव्हणा

भाऊ, आधी तं आईले अन् बाबाले घेऊन लोणारले या. आमच्या घरी कोनी आलं का त्याले लोणार दाखवल्याबिगर आम्ही जाऊच देत नाई. काठावर उभं राह्यलं का माणूस चूप होते. पावणेदोन किलोमीटर रुंद गोल खड्डा, आपल्या काळ्या दगडात उल्का आदळून झालेला, अन् मंधात खारं पाणी. लेकराले सांगासाठी गोष्ट पायजेन तं २०२० च्या जूनमंधी हे सारं पाणी गुलाबी झालं होतं. खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवानं तो रंग आला, असं तपासनीत निंगालं. त्याच साली रामसरच्या, म्हंजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत लोणारचं नाव लागलं. गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर पाहा, गोमुखाची धार पाहा, अन् आईचे गुडघे किती पायऱ्या सोसतात ते तिथीच कयते. खाली उतराचा हट्ट करू नका.

आता टूरचं. माह्या मायले अन् काकूले आम्ही टूरसंगं थायलंडले धाडलं होतं. मॅनेजर मराठी बोलनारा, रोज एक टाइम वरण-भात, विमानतळावर कोनता फॉर्म अन् कोनती लाइन याचा काईच ताप नाई. बँकॉकच्या वाट फो मंधी निजलेला बुद्ध आहे, ४६ मीटर लांब. माय पायापासून डोक्यापर्यंत चालत गेली अन् घरी आल्यावर अंगणात पावलं टाकून साऱ्या बायांले ती लांबी दाखवे. दहा बाया सोबत होत्या म्हून तिले परदेशाचा धाक वाटला नाई. एकट्या कुटुंबानं गेलं अन् कोनी आजारी पडलं तं काय कराल? म्या म्हणतो टूरसंगंच जा.

सिस्टरबाई_सेलू

आर्णीकर दादा, जय भीम.

मी वर्धा जिल्ह्यातली, सेलू तालुक्यातली. उपकेंद्रावर सिस्टर म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत, तूर घरात आल्यावर, माझ्या आईला घेऊन श्रीलंकेला गेले होते. सोबत माझे यजमान आणि आमची नात. आई पंचाहत्तरीला टेकलेली. १४ ऑक्टोबर १९५६ ला, धम्मदीक्षेच्या दिवशी, ती लहान पोर होती आणि नागपूरच्या त्या गर्दीत वडिलांच्या खांद्यावर बसून होती. बाबासाहेब दिसले की नाही हे तिला आठवत नाही, पांढऱ्या कपड्यांचा समुद्र तेवढा आठवतो. त्यामुळे तुमच्या आईची ओढ मला न सांगता समजली.

मेहकरच्या भाऊंचं बोलणं खोटं नाही. ज्याला देश पाहायचा आहे त्यानं टूरसोबत जावं. तुमच्या आईनं मात्र एक झाड मागितलंय. त्या झाडाजवळ तिला मनसोक्त बसता येईल असा प्रवास आखा आणि बाकीची ठिकाणं उरलेल्या वेळात बसवा. टूरच्या कागदात हे उलटं असतं.

आमचं असं ठरलं. नागपूरहून ग्रँड ट्रंक एक्सप्रेसनं चेन्नई, एक रात्र गाडीत. चेन्नईला एक दिवस पूर्ण आराम. तिथून कोलंबोचं विमान दीड तासाच्या आत पोचतं, म्हणजे म्हातारं माणूस घाबरायच्या आत उतरतं. कोलंबोचा विमानतळ शहरात नाही, कटुनायकेला आहे, त्याच्या जवळ नेगोंबो गाव. शहरात न जाता रात्री तिथंच राहिलो. सकाळी चालकासकट व्हॅन घेऊन अनुराधापूर, चारेक तासांचा रस्ता. आणि मग मुक्काम अनुराधापूरलाच. कँडी सोडून बाकी सगळं तिथूनच, जमेल तसं.

पहिल्या दिवशी उजाडायच्या आधी बोधिवृक्षाकडे गेलो. तिथली माणसं पांढऱ्या कपड्यांत, हातात कमळं आणि पाण्याचे लोटे. आईला आधीच सांगून ठेवा की झाडाला हात लावता येत नाही. ते उंच चौथऱ्यावर आहे, सोनेरी कठडा आहे, वाकलेल्या फांद्यांना सोनेरी टेकू दिलेत. भोवती राखणीला दुसरेही बोधिवृक्ष लावलेले आहेत, त्यामुळे मूळ झाड कोणतं हे कुणाला तरी विचारून घ्या, नाहीतर माणूस भलत्याच झाडाकडे पाहत राहतो. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिनं इसवी सनाच्या आधी तिसऱ्या शतकात बोधगयेच्या वृक्षाची फांदी तिथं नेली. बोधगयेचं ते जुनं झाड पुढे राहिलं नाही, आज आहे ते नंतरचं. अनुराधापूरचं झाड मात्र लावल्यापासून माणसांनी सांभाळलेलं आहे. आपल्या दीक्षाभूमीवरच्या झाडाच्या फांद्या तिथूनच भदंत आनंद कौसल्यायन यांनी आणल्या.

आई खाली वाळूत बसली आणि तिनं रोजच्यासारखी वंदना सुरू केली. नमो तस्स, मग त्रिसरण, मग पंचशील. तिला मराठीशिवाय काही येत नाही. शेजारी सिंहली बाया बसल्या होत्या. दुसऱ्या ओळीला त्यांचा आवाज तिच्या आवाजात मिसळला. चाल वेगळी, पाली तीच. आईच्याच वयाच्या एका बाईनं आपली चटई सरकवून तिला जागा दिली आणि आपल्या हातातली अर्धी कमळं तिच्या ओंजळीत ठेवली. नंतर त्या दोघी किती वेळ बोलत होत्या, ही मराठीत, ती सिंहलीत, गुडघ्याकडे बोट दाखवत. ऊन वर येईपर्यंत आई तिथून हलली नाही आणि आम्हीही तिला हलवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं विचारलं, परत जायचं का? आणि आम्ही परत गेलो. दादा, टूरमध्ये हे "परत जायचं का" विचारताच येत नाही. एवढ्यासाठी मी स्वतःची गाडी घ्या म्हणते.

झाडापासून रुवनवेलीसाय स्तूपापर्यंत फरसबंदी वाट आहे, सपाट आहे, गुडघेवाल्यांना जमते. पांढराशुभ्र स्तूप, शंभर मीटरच्या आसपास उंच, आणि भिंतीत ओळीनं हत्ती. वाटेत लोहप्रासादाचे दगडी खांब लागतात, १६०० आहेत म्हणतात. नात ते मोजत बसली आणि आई सावलीत टेकली. जेतवनाराम पाहिलं तर तुमच्या मोठ्याला सांगा की हा विटांचा स्तूप त्याच्या काळात इजिप्तच्या दोन मोठ्या पिरॅमिडांच्या खालोखाल उंच होता. मिहिंतलेला, जिथं संघमित्रेचे भाऊ महेंद्र थेर उतरले, १८४० पायऱ्या आहेत. पण गाडीरस्ता वरच्या वाहनतळापर्यंत जातो, तिथून थोड्याच उरतात. चालकाला आधीच सांगून ठेवा. सिगिरियाला बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत, तिकडे आईबाबांना नेऊ नका. यजमान आणि नात चढून आले, आम्ही मायलेकी खोलीवर झोपलो.

कँडीला दंतधातूच्या, म्हणजे बुद्धाचा दात ठेवलेल्या, विहारात आधीच मनाची तयारी करा. दात दिसत नाही, सोन्याची मंजूषा दिसते आणि तीही पूजेच्या वेळी दार उघडल्यावर. पूजा पहाटे, सकाळी आणि संध्याकाळी असते, गर्दी संध्याकाळी जास्त. त्याच कँडीत १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेला बाबासाहेब गेले होते. आईला मी हे तलावाच्या काठी बसून सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे नागपूरच्या आधी ते इथं येऊन पाहून गेले. मला ते फार पटलं.

आता माझ्या कामाचं, म्हणजे तब्येतीचं. साखरेची आणि बीपीची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको, आणि डॉक्टरची चिठ्ठी सोबत असू द्या. साखर असणाऱ्यानं विहारात अनवाणी चालताना पाय जपायला हवेत. चपला-बूट बाहेर काढावेच लागतात आणि दहानंतर तो दगड असा तापतो की तळव्याला फोड येतो, आणि साखरवाल्याला फोड आलेला समजतही नाही. जाड सुती मोजे घालून चालतं, आम्ही सगळ्यांनी घातले. रात्री खोलीवर आल्यावर आईचे तळवे दिव्याखाली स्वतः पाहा. बाबा टोपी घालत असतील तर विहारात ती काढावी लागेल, हे घरूनच सांगून ठेवा, ऐनवेळी त्यांना अपमान वाटायला नको. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पांढरे कपडे असतील तर उत्तमच. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तिथं त्याचा राग येतो.

तिकीट काढतानाच विमान कंपनीकडे आईसाठी चाकाची खुर्ची मागा. त्याचे पैसे पडत नाहीत. आपली माणसं म्हणतात, मी काय लंगडी आहे का? त्यांना सांगा की विमानतळावर चालणंच फार आहे आणि रांगही वेगळी मिळते.

जेवणाची काळजी नको. भात, परिप्पू म्हणजे मसूर डाळ, नारळ-मिरचीचा पोळ संबोल. माझ्या आईला संबोल इतका आवडला की ठेचा पिशवीतच राहिला. सकाळी इडियाप्पम म्हणजे तांदळाच्या शेवया मिळतात. साखर असेल तर भात बेतानं आणि फळांचे रस टाळा.

सरावासाठी दोन सहली सुचवते. एक, नागपूरला मेट्रोत बसवा. हसण्यावारी नेऊ नका. सरकता जिना, लिफ्ट, पिशवी यंत्रातून जाणं, अंगाची तपासणी, घोषणा होणं, हे सगळं विमानतळावर असतं आणि तेच मेट्रोत थोडक्यात असतं. सीताबर्डीला गाडी बदला म्हणजे जिने चढउतार होतात. माझी आई पहिल्यांदा सरकत्या जिन्यापुढे थबकली, दुसऱ्यांदा नातीचा हात धरून चढली, चेन्नईला आपली आपण. दोन, चंद्रपूरकडे भद्रावतीची विजासन लेणी. टेकडीच्या पोटात लांब बोगद्यासारखी वाट आणि तिच्या टोकाला बसलेले बुद्ध. उन्हातून अंधारात, अनवाणी, खडबडीत जमिनीवर आई किती वेळ चालते, कुठं थांबते, पाणी कधी मागते, हे त्या दिवशी वहीत लिहून ठेवा. मी लिहिलं होतं आणि श्रीलंकेतला प्रत्येक दिवस त्या वहीवरून आखला. सकाळी एक ठिकाण, दुपारी झोप, संध्याकाळी वाटलं तर थोडं.

आर्णीकर

सिस्टरताई, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. चटईचं ऐकून ती उठून आत गेली आणि पांढरं लुगडं काढून पाहत बसली.

आता अजून तीन गोष्टी. बाबांचा प्रश्न तसाच आहे. त्यांना सकाळ-संध्याकाळ स्तूप दाखवले तर तिसऱ्या दिवशी म्हणतील, मले घरी नेऊन घाल. दुसरं, पासपोर्ट. आणि तिसरं, लहानी पूर्ण सकाळ एका झाडाजवळ बसेल का?

धानवाला_अर्जुनी

जय भीम. बाबांचं उत्तर मी देतो. मी अर्जुनी मोरगावचा, आमच्या विहाराच्या लोकांसोबत जाऊन आलो. मी धान लावणारा माणूस, मला तिथं सगळ्यात जास्त आवडले ते तलाव.

अनुराधापूर कोरड्या पट्ट्यात आहे. पाऊस थोडेच महिने पडतो, पुढं ऊन. बाबांना हे सांगितलं की ते लगेच विचारतील, मग धान कसा होतो? तर दोन हजार वर्षांपासून तिथल्या राजांनी तलाव बांधत आणले. त्याला ते वेवा म्हणतात. शहरातच तिस्स वेवा आहे, संध्याकाळी त्याच्या बांधावर फिरता येतं. त्याला पाणी येतं कलावेवा नावाच्या मोठ्या तलावातून, जो पाचव्या शतकात धातुसेन राजानं बांधला. मधला कालवा ८७ किलोमीटरच्या आसपास. त्यातल्या सुरुवातीच्या लांब टप्प्यात एका किलोमीटरला उतार फक्त १० सेंटीमीटर, म्हणजे अर्धी वीतसुद्धा नाही. दुर्बीण नाही, यंत्र नाही, तरी पाणी वाहतं. मी बांधावर उभा राहून आमच्या पाटबंधाऱ्याच्या चाऱ्या आठवत होतो, ज्यांच्या शेवटच्या वावरात पाणी पोचतच नाही. जुन्या तलावांच्या तोंडाशी दगडी चौकोनी विहीर असते, बिसोकोटुव म्हणतात. तिच्यात पाण्याचा जोर मोडतो आणि बांध न फुटता पाणी सोडता येतं. हे बाबांना जरूर दाखवा.

आमच्याकडे कोहळी समाजानं बांधलेले मालगुजारी तलाव आहेत. नवेगाव बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं आमच्यात सांगतात. एकदा एका दिवसाच्या सहलीला इकडं या, आधी नवेगाव बांध दाखवा. म्हणजे श्रीलंकेत गेल्यावर बाबांकडे तुलना करायला काहीतरी हातात असेल आणि ते स्वतःच बोलू लागतील. इथून जवळ गोठणगावला तिबेटी लोकांची वसाहत आहे, त्यांचं विहार लेकरांना आवडतं.

फेब्रुवारीत गेलात तर तिथल्या मोठ्या हंगामाचा, म्हणजे महा हंगामाचा धान काढणीला आलेला असतो. दुसऱ्या हंगामाला 'याला' म्हणतात. कपाशी दिसणार नाही. धान, मिरची, मका, नारळ. आणि एक गोष्ट, वावरात झाडावर मचाण. तिथले शेतकरी रात्री हत्तींपासून जागल करतात. तुम्ही रानडुकरासाठी आणि रोह्यांसाठी करता तशीच. आमच्याकडेही अलीकडे छत्तीसगडातून हत्तींचा कळप येऊन गेला, म्हणून मला त्यांचं दुःख चांगलं समजलं. आमच्या चालकानं एका शेतकऱ्याजवळ गाडी थांबवली. त्यानं फटाक्याचा आवाज तोंडानं काढून दाखवला आणि मी आमच्याकडे डबा कसा बडवतात ते दाखवलं. बाबांना अशी एक भेट घडवा, चालकाला आदल्या दिवशी सांगून. कलावेवाजवळच अवुकनाची उभी बुद्धमूर्ती आहे, एकाच खडकात कोरलेली, चाळीस फुटांच्या जवळपास. आईला मूर्ती, बाबांना तलाव, एकाच फेरीत दोघांचं होतं.

मेहकरचा_पाव्हणा

सिस्टरबाई, पटलं. तरी एक बोलतो. आर्णीकरभाऊ, गाडीवाला हिंदी नाई तं निदान इंग्रजी बोलनारा घ्या अन् मोबाइलचं तिकडचं सिम विमानतळावरच टाका. रात्री-बेरात्री बुढीले काई झालं तं नकाशा अन् फोन हातात पायजेन.

सिस्टरबाई_सेलू

मेहकरचे भाऊ बरोबर सांगतात. मी त्यात भर घालते : जिथं राहाल तिथून जवळचा दवाखाना कोणता हे पहिल्याच संध्याकाळी विचारून कागदावर लिहा, आणि प्रवासाचा विमा काढताना साखर आहे हे लपवू नका. लपवलं की नेमकं तेच कारण दाखवून पैसे नाकारतात.

पासपोर्टचं सांगते. तुमच्या आईसारख्यांना जन्मदाखला लागत नाही. तो सक्तीचा आहे १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या लेकरांना. आईला जन्मतारीख असलेलं दुसरं मान्य कागदपत्र चालतं. पण सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे का ते आधी पाहा. आपल्या बायांचं आधारवर एक, मतदार यादीत दुसरं आणि बँकेच्या पासबुकावर तिसरं असतं, आणि तिथंच महिने जातात. माझ्या आईचं "बाई" एका कागदावर होतं, दुसऱ्यावर नव्हतं. आधी आधार दुरुस्त केलं, मगच अर्ज भरला. साधा पासपोर्ट १५०० रुपयांना आहे आणि साठीवरच्यांना दहा टक्के सूट. आता बऱ्याच जिल्ह्यांत मुख्य पोस्टातच पासपोर्टचं केंद्र असतं, अर्ज भरताना जवळचं कोणतं ते दिसतं. पोलीस पडताळणीला गावातल्या ठाण्यातून बोलावतील, तेव्हा आईसोबत स्वतः जा. तिसरी शिकलेली आहे म्हणून कुणी ईसीआरच्या, म्हणजे परदेशी जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते या, शेऱ्याची भीती घातली तर ऐकू नका. तो शेरा नोकरीसाठी ठरावीक देशांत जाणाऱ्यांसाठी आहे आणि पन्नाशी ओलांडलेल्यांना तो लागू नाही. निघायच्या दिवशी सगळ्यांच्या पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त शिल्लक हवी.

श्रीलंकेचा प्रवास-परवाना ऑनलाइन काढावा लागतो. त्याचे नियम आणि शुल्क बदलत राहतात, म्हणून त्यांच्या सरकारी संकेतस्थळावरच पाहा. तशाच दिसणाऱ्या दलालांच्या साइट पुष्कळ आहेत, जास्तीचे पैसे घेतात. तिकडच्या जुन्या वास्तूंना परदेशी माणसांचं तिकीट महाग असतं, पण सार्क देशांतल्यांना, म्हणजे आपल्यालाही, कमी दरात मिळतं. खिडकीवर पासपोर्ट दाखवून मागावं लागतं, न मागता कुणी देत नाही.

महिना फेब्रुवारीच धरा. तेव्हा अनुराधापूरचा पाऊस ओसरलेला असतो आणि कँडीकडेही कोरडं असतं. शाळा बुडते, पण मोठ्याची वार्षिक परीक्षा अजून लांब असते. जूनच्या पौर्णिमेला पोसोन असतो, महेंद्र थेरांच्या आगमनाचा दिवस. तेव्हा मिहिंतले-अनुराधापूरला लाखोंची गर्दी लोटते. दीक्षाभूमीच्या गर्दीची सवय असली तरी गुडघेवाल्या आईला तेव्हा नेऊ नका. तिकडे प्रत्येक पौर्णिमेला सुट्टी असते, त्याला पोया म्हणतात. साधी पोया सापडली तर चांगलंच, सकाळपासून पांढऱ्या कपड्यांतली कुटुंबं डबे घेऊन येतात, आपल्यासारखीच.

लहानीचं म्हणाल तर ती बसणार नाही आणि तिला बसवूही नका. तिथं माकडं आहेत, हत्तींची भिंत आहे, मोकळं आवार आहे. आम्ही पाळ्या लावल्या होत्या. एकजण आईजवळ, एकजण नातीमागे, तासाभरानं बदल. तुम्ही नवराबायको दोघं आहात, बाबांना तलावावर सोडलंत तर चालकही हाताशी आहे. आमची नात तेव्हा आठ वर्षांची होती. तिला मी निघण्याआधी पंचशील पाठ करून घेतलं होतं. पहिल्या सकाळी ती पळत राहिली. दुसऱ्या सकाळी आईच्या मांडीशी येऊन बसली आणि सोबत म्हणाली, तेव्हा त्या सिंहली बायांनी तिला जवळ ओढून घेतलं. तुमच्या लहानीला अजून वेळ आहे, रोज रात्री झोपताना आजीकडूनच पाठ करून घ्या.

आणि ढोरांची सोय आत्तापासून बघा. आमच्या जाण्याची तारीख विमानानं नाही, म्हशीच्या विण्यानं ठरली होती. शेजाऱ्याला आधी आठ दिवस सोबत घेऊन धार काढायला लावा, जनावर अनोळखी हाताला पान्हा सोडत नाही. बाबांचं निम्मं मन तिथंच अडकलेलं असणार. संध्याकाळी एक फोन लावून दिला की ते तलाव निवांत पाहतील.